नाकाविना केलेली वाइन

दिल्लीतल्या द्वारकेत, बाबांच्या फ्लॅटमध्ये दूध करपलं तेव्हा अरुणा गॅसपाशीच उभी होती. बाबा हॉलमधून धावत आले, त्यांनी गॅस बंद केला आणि खिडकी उघडली. तीन वर्षांपूर्वीच्या तापात लेकीला वास येईनासा झाला तो कायमचाच, हे त्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाइकांपासून मात्र ते लपवलेलं होतं. कारण अरुणा नाशिकला एका कंपनीत वाइन बनवायची.

कंपनीचे मालक उल्हास कामत तिच्यासोबतच दिल्लीला आले होते. संध्याकाळी नोएडाच्या हॉटेलात इथल्या खरेदीदारांना नवी रेड वाइन चाखायला द्यायची होती. त्यांचा फोन आला.

"जांभूळ, व्हॅनिला, भाजलेली कॉफी, एवढे वास सांगायचे. नाकाचं काही बोलायचं नाही."

"खोटं बोलू?"

"धंदा आहे, अरुणा."

मेट्रोत बसल्यावरही 'धंदा' हा शब्द तिला टोचत राहिला. या वाइनची द्राक्षं त्या तापानंतरच्या हंगामातली. तेव्हा कंपनीतले सगळे म्हणाले होते, आता हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती दे. तिने दिलं नाही. ओक लाकडाच्या नव्या पिंपातून ती काचेच्या नळीने वाइन काढायची आणि तोंडात घोळवायची. तुरटपणा हिरड्यांना कसा धरतो, आंबटपणा जिभेच्या कडेने कुठवर जातो, हे नाकाविना कळतं. वास तिची सहकारी उल्का सांगायची. "आज नुसती ओली फळी आहे, ताई." मग काही महिन्यांनी, "आता सुपारी येतेय, मागे जांभूळ." लाकडाची चव वाइनच्या डोक्यावर बसायला लागली तसं अरुणाने ती चव उतरून गेलेल्या जुन्या पिंपांत वाइन हलवली. वर्ष झाल्यावर उल्हास म्हणाले, थोडी गोड करून भरा बाटल्या, दिल्लीला मऊ आणि गोडसर लागतं. ती अडून बसली. मऊ व्हायला हिला वेळ लागणार होता, आणि गोड तर ही होणारच नव्हती.

हॉटेलात ग्लास भरले गेले. भल्ला नावाचे मोठे खरेदीदार पुढेच बसले होते. त्यांनी ग्लास फिरवून हुंगला आणि विचारलं, "बताइए मॅडम, नोज़ पे क्या मिल रहा है?"

उल्हासनी मान डोलावून तिला खूण केली. जांभूळ शब्द तिच्या ओठांवर आला आणि तिथेच तिला त्याची किळस आली.

"मुझे कुछ नहीं मिलता," ती म्हणाली. "तीन साल से मुझे कोई खुशबू नहीं आती. ये वाइन मैंने उसके बाद बनाई है."

कुणीतरी हसलं. उल्हासचा चेहरा उतरला. भल्लांनी दोन ग्लास पुढे सरकवले. "एक आपकी, एक किसी और की. पहचानिए. पहचान लिया तो मान जाएंगे."

ओळखली असती तिने, पहिल्याच घोटात. ग्लासाकडे हातही गेला होता. तो तिने मागे घेतला.

"नहीं. मैं सर्कस दिखाने नहीं आई. नाकवालों से आपने कभी ऐसा इम्तिहान लिया? वाइन सामने है. पीजिए, अच्छी न लगे तो मत लीजिए."

भल्ला उठून गेले. त्यांच्यामागून आणखी दोघे. उरलेल्यांत हौज खासच्या एका रेस्टॉरंटवाल्या बाई होत्या. त्यांनी सावकाश ग्लास संपवला, दुसरा मागितला. "ज़िद्दी है. मटन के साथ चलेगी," म्हणून त्यांनी थोड्या पेट्या सांगितल्या. बस, तेवढीच विक्री.

लॉबीत उल्हास भडकले. "वाट लावलीस! पुढच्या हंगामाला मी दुसरा माणूस आणतो."

"आणा. पण आत्ता पिंपांत आहे ती नंतरची वाइनही मीच बनवलीय. ती तयार होईपर्यंत मी तिथून हलत नाही. मला काढायचंच असेल तर कारण लेखी द्या. नाक गेलं म्हणून काढलं, असं स्पष्ट लिहा."

उल्हास तरातरा बाहेर पडले. ते टॅक्सीत बसून निघून गेले.

अरुणाने उरलेली बाटली पिशवीत घातली आणि मेट्रोच्या जिन्यावरूनच उल्काला फोन लावला.

"कुणी काहीही सांगितलं तरी एकही पिंप उघडू देऊ नकोस. मी सोमवारी येतेय."

"काय झालं, ताई?"

"सांगून टाकलं," अरुणा म्हणाली आणि गर्दीतून वाट काढत फलाटावर गेली.