भरल्या ताटावरून

माझे सासरे रावजी, यजमान गेणूजी आणि मुलगा सोमनाथ, तिघेही रागाच्या भरात जेवणाचे ताट भिंतीवर भिरकावीत. सांडलेले आम्ही बायका मुकाट्याने गोळा करीत असू. नातू महेशही तसाच निघाला, तेव्हा नातसून हर्षाली ओझरला माहेरी निघून गेली.

अंबडच्या समाजमंदिरात राग आवरायला शिकवणारा एक गट बसतो. थकल्या पायांनी मीच महेशला तेथे नेऊ लागले.

"राग चढला की उठून बाहेर जायचं, निवळला की परत यायचं," गट चालवणाऱ्या संध्याताई म्हणाल्या.

"भरल्या ताटावरून उठायचं? हा अन्नाचा अपमान झाला," मी सुनावले.

"आणि भिंतीवर फेकणं, आजी?"



हर्षाली परतली, पण बजावून: पुन्हा ताट उडाले तर ती कायमची जाईल. रविवारी आमटी खारट झाली. महेशचा हात ताटाखाली गेला. हर्षाली भिंतीला टेकली.

"महेश, ऊठ!" मी दरडावले.

तो उठून अंगणात गेला. आम्ही दोघी त्या भरल्या ताटाकडे पाहत बसलो. बऱ्याच वेळाने तो आत आला.

"थोडा भात वाढ. आमटी खारट झालीय."

"कळलं मला," हर्षाली म्हणाली आणि तिने भात वाढला. तो जेवला.

या घराने सासूबाईंचे, माझे आणि माझ्या सुनेचे जे देणे ठेवले होते, ते त्या दुपारी पूर्ण फिटले.