‘कमी करा’ एवढंच

“सिस्टर, तुम्हाला इंग्रजी कळतं ना?” दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

धाकट्या सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती नोकरीला लागली तेव्हा वॉर्डात एक थोरली सिस्टर होती, म्हणून ही धाकटी. थोरली निवृत्त होऊन गेली, धाकटीच्या कानशिलांवर पांढरं उमटलं, गुडघे कुरकुरायला लागले, तरी झाडूवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ती धाकटीच. आणि आज साहेब तिला शाळकरी पोरीसारखं विचारत होते. शेजारच्या खुर्चीत डॉक्टर मोबाइलवर अंगठा फिरवत बसले होते.

“कळतं, साहेब. न कळणाऱ्या बाईच्या हातात इतकी वर्षं इंजेक्शनं दिलीत का तुम्ही?”

भिंतीशी उभ्या असलेल्या मेट्रनबाईंनी डोळे वटारले.

झालं होतं ते असं. कोपऱ्यातल्या खाटेवर एक निवृत्त बसड्रायव्हर होते. साखरेचा आजार, पायाला चिघळलेली जखम. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. त्या दिवशी त्यांची अन्नावरची वासनाच उडाली होती. दुपारचं ताट जवळजवळ तसंच परत गेलं. संध्याकाळचं इन्सुलिन द्यायची वेळ झाली तेव्हा धाकटीनं डॉक्टरांना फोन लावला. हे डॉक्टर नुकतेच परदेशात शिकून आले होते. घरी आपल्या आईशी ते धाकटीच्याच भाषेत बोलत असणार. पण दवाखान्यात पाऊल टाकलं की इंग्रजी, आणि तेही अर्धं तोंडातल्या तोंडात.

“काका जेवत नाहीयेत, सर. साखरही उतरतेय. इन्सुलिनचं काय करू?”

“हं. आय्ड कट द डोस,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

धाकटीनं केसपेपर पाहिला. सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं डोस नव्या कागदावर लिहिला होता. आदल्या दिवशी तिची सुट्टी होती, त्यामुळे आधी किती चालू होता ते तिला ठाऊक नव्हतं. आय्ड कट, म्हणजे आय हॅड कट, मी कमी केला होता. सकाळीच केलेला दिसतो, असं तिनं धरलं. पुन्हा फोन करावा असं मनात आलं, नाही असं नाही. पण मागच्याच आठवड्यात तिनं एक सूचना परत विचारली, तेव्हा हेच डॉक्टर सगळ्या वॉर्डासमोर खेकसले होते, “एकदा सांगितलेलं डोक्यात शिरत नाही का? डिक्टेशन देऊ?” तिनं कागदावरचा डोस दिला.

थोड्या वेळानं काकांच्या बायकोनं हाक मारली. काका घामानं डबडबले होते, जीभ जड झाली होती, समोर उभी असलेली बायको त्यांना ओळखू येईना. धाकटीचे हात चुकले नाहीत. बोटाला सुई टोचून साखर पाहिली, शिरेतून ग्लुकोज सोडलं, त्यांचा गाल थोपटत राहिली. काकांनी डोळे उघडले आणि विचारलं, “कुठला स्टॉप आला?” अख्खा वॉर्ड हसला. धाकटी पडद्याआड जाऊन रडली.

आणि आता ही चौकशी.

“मी स्पष्ट सांगितलं होतं, डोस कमी करा म्हणून,” डॉक्टर मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाले.

“‘करा’ म्हणाला नाहीत, सर.”

“आय्ड म्हणजे तेच. आय वुड. तिकडे सगळे असंच बोलतात. सौम्य वाटतं.”

साहेबांनी हात वर करून दोघांना थांबवलं. “हे बघा सिस्टर, पेशंट वाचला. उगाच कशाला ताणायचं? ‘माझं इंग्रजी कच्चं असल्यामुळे गैरसमज झाला’, एवढं लेखी द्या. वॉर्डाच्या इन्चार्जच्या जागेसाठी तुमचंच नाव पुढे आहे, त्याला बाधा येणार नाही. उद्या सांगा.”

घरी मुलगी खुर्चीवर पाय दुमडून जेवत होती. ती एका कंपनीच्या मदत-केंद्रात परदेशी गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. धाकटीनं पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

“आय्ड म्हणजे नक्की काय गं?”

“आय वुड. नाहीतर आय हॅड. दोन्हीचं शेपूट तेवढं उरतं.”

“आम्हाला अख्खं शिकवलं होतं.”

“अख्खं बोललं तर गिऱ्हाइकाला वाटतं आपण भांडतोय, आई. आय अ‍ॅम नाही, आय्म. डू नॉट म्हणालं की दटावल्यासारखं होतं, म्हणून डोन्ट. आम्हाला पहिल्याच दिवशी घोटून घेतलं.”

“मग हॅड की वुड ते ओळखायचं कसं?”

“पुढच्या शब्दावरून. आय्ड गिव्ह म्हणजे मी दिलं असतं. आय्ड गिव्हन म्हणजे मी दिलं होतं. सोप्पंय.”

“आणि आय्ड कट?”

मुलीचा घास हातातच राहिला. “कट... कटचं कटच राहतं गं.”

“म्हणजे?”

“म्हणजे दोन्ही होतं. मी कमी केला होता, किंवा मी असतो तर कमी केला असता.”

धाकटी एकदम उसळली. “असतो तर? असतो तर कसलं? डॉक्टर तोच होता की! तो काय शेजारच्या बिल्डिंगमधून सल्ला देत होता?”

“आई, ती बोलायची पद्धत असते.”

“असेल तिकडे. इथे माणूस मेला असता!”

मुलीनं ताट बाजूला सारलं. मग हळूच म्हणाली, “लिहून दे आणि मोकळी हो ना. इन्चार्ज होशील. किती वर्षं वाट बघतेयस.”

धाकटीनं त्या रात्री ताटही वाढून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत बसली नाही, उभीच राहिली.

“मी परत विचारायला हवं होतं. विचारलं नाही, ती माझी चूक. ती लेखी देते. पण इंग्रजी कच्चं आहे म्हणून घडलं, असं लिहिणार नाही.” ती डॉक्टरांकडे वळली. “‘कमी करा’ एवढंच म्हणायचं होतं, सर. तेवढं तुमच्या जिभेला जड झालं? हुकूम द्यायचा, पण तो हुकूम वाटू द्यायचा नाही. बरोबर निघाला तर तुम्ही सांगितलं, चुकला तर मला कळलं नाही!”

डॉक्टरांचे कान लाल झाले. “सर, ही काय भाषा झाली?”

“तुम्ही आवाज चढवताय, सिस्टर,” साहेब म्हणाले.

“हो. चढवतेय.”

आठवडा उलटायच्या आत तिची बदली तळघरातल्या उपकरणं धुण्याच्या खोलीत झाली. इन्चार्जची जागा दुसरीला मिळाली. वॉर्ड सोडण्याआधी ती ड्रायव्हरकाकांना भेटायला गेली. त्यांच्या बायकोनं पदराचं टोक बोटाला गुंडाळत विचारलं, “सिस्टर, सगळे म्हणतात तुमच्या हातून चुकलं. खरं का हो?”

“थोडं माझ्याही हातून चुकलं, काकू,” ती म्हणाली. बाकीचं सांगत बसली नाही.

“मला मध्येच उतरवत होतात,” काका म्हणाले, “पण परत चढवलंतही तुम्हीच.”

तळघरात खिडकी नव्हती. वाफेनं चेहरा भिजायचा, कुणी हाक मारायचं नाही. हाताखालच्या मावशी मात्र पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “बरं केलंत बाई. ऐकलं आम्ही.” दुपारी निर्जंतुक केलेले डबे वॉर्डात पोचवायचे असत. ते काम मावशींचं. पण एक दिवस मावशी आल्या नाहीत, म्हणून धाकटी स्वतःच ढकलगाडी घेऊन वर गेली.

तिच्या जुन्या टेबलाशी नवी इन्चार्ज फोनवर बोलत होती. आवाज जरा कापत होता.

“सर, फोन ठेवू नका. कमी करा म्हणताय, की केलाय?... नाही सर, रागावा हवं तर. पण आपल्या भाषेत, पूर्ण सांगा. मी लिहून घेतेय.”

धाकटीनं भरलेले डबे आवाज न करता कपाटात लावले, रिकामे गाडीवर चढवले आणि ती गाडी ढकलत लिफ्टकडे निघाली.