दाक्षायणीचा विटाळ

भवानी पेठेत शिवपुत्र हत्तुरे याचं टॉवेल-चादरींचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, मध्ये अरुंद बोळ. एका सकाळी, रोजच्यासारखंच, त्याच्या आईने, निंगव्वाने, बोळात येऊन सुनेच्या कपात वीतभर उंचीवरून चहा ओतला. भांड्याला भांडं लागू नये म्हणून. थोडा चहा दाक्षायणीच्या हातावर सांडला. तिने तो पदराला पुसला आणि कप उचलला. शिवपुत्र दुकानात गठ्ठा सोडत होता. त्याने हे पाहिलं. रोजच पाहत होता.

महिन्याचे दिवस आले की बाईने बाजूला बसायचं, ही त्या घरातली जुनी रीत. शिवपुत्र तिच्यातच वाढला, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. पण आठ महिन्यांपूर्वी दाक्षायणीला जुलाब सुरू झाले. दिवसातून सात-आठ वेळा, आणि शौचातून रक्त. तिने भीतभीत सासूला सांगितलं. निंगव्वाने दोन प्रश्न विचारले आणि निकाल देऊन टाकला, "रगत त्ये रगत. कुटनं का यीना. सैपाकघरात पाय ठिवायचा न्हाय."

रक्त थांबेना, म्हणून दाक्षायणीचं बाजूला बसणंही संपेना. तिचं ताट, तांब्या, अंथरूण सारं बोळात आलं. तिच्या पोटात काय होतंय याची चौकशी कुणी केली नाही. तिचा स्पर्श कुणाकुणाला झाला, एवढीच चौकशी रोज होत असे.

मग तिचे गुडघे सुजले. जमिनीवरून उठताना ती भिंतीला धरून उठू लागली. तोंडात फोड आले, भाकरी चावेना. नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या. डावा डोळा लाल झाला आणि उजेड सोसेना, तेव्हा ती पदर डोळ्यावर ओढून बसू लागली. गुडघ्यांना तेल, डोळ्यात मेडिकलमधलं कसलंसं औषध, पोटाला बेलफळाचा मुरंबा, असे उपाय घरातल्या घरात चालले. हे सगळं एकाच रोगाचं असेल, असं कुणाला वाटलं नाही. दाक्षायणीने मात्र नवऱ्याला दोनदा सांगितलं की मला मोठ्या डॉक्टरकडे न्या. दोन्ही वेळा तो सीझन संपू दे म्हणाला. खरं तर त्याला तिची किळस येऊ लागली होती. तिच्या कपड्यांचा वास, तिचं सारखं संडासाकडे धावणं, तो लाल डोळा. त्याने आपलं अंथरूण माडीवर नेलं होतं.

नडगीवरच्या गाठी पाहून निंगव्वाने ठरवलं की हे देवाचं आहे, शिवाशीव न पाळल्याचं. अक्कलकोटच्या पुढे एका गावात डाग देणारा माणूस होता. अमावस्येला तिघं गेले. शेणाने सारवलेल्या ओसरीवर पंधरा-वीस माणसं रांगेत बसली होती. तंबाखू चघळत त्या माणसाने विळा निखाऱ्यात लाल केला. दाक्षायणी पाय आखडून घेऊ लागली, तेव्हा तो शिवपुत्रला म्हणाला, धर. शिवपुत्रने बायकोचे दोन्ही पाय घोट्यापाशी घट्ट धरले. कातडी जळाल्याचा वास आला. दाक्षायणी ओरडली नाही. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

डागाची जखम भरायची, तर ती वाढली. कडा जांभळ्या पडल्या, आतून पोखरत गेली, दहा दिवसांत तळहाताएवढी झाली. पू वाहू लागला, बोळात माश्या घोंघावू लागल्या. निंगव्वा नाकाला पदर लावून म्हणाली, बघ, आतलं पाप बाहेर पडतंय. त्याच दुपारी दाक्षायणी संडासाच्या दारात चक्कर येऊन पडली. तिला उचलताना शिवपुत्रला कळलं की तिचं वजन एखाद्या गठ्ठ्याएवढंही उरलेलं नाही.

इस्पितळात दुर्बिणीतून तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं की हा मोठ्या आतड्याचा दाह आहे. शरीराची स्वतःची संरक्षण करणारी शक्तीच बिथरून आतड्यावर उलटते, आणि तिचा तडाखा नुसत्या आतड्यावर थांबत नाही. सांधे, डोळे, कातडी, तोंड, सगळीकडे पोचतो. गुडघे, डोळा, गाठी हे सगळं त्याचंच. शिवाय रक्त जाऊन जाऊन अंगात रक्तच उरलेलं नाही. हा रोग शिवल्याने होत नाही. औषधं पुष्कळ वर्षं घ्यावी लागतील, पण त्यांनी तो आटोक्यात राहतो.

मग त्यांनी पायाची पट्टी सोडली.

"या रोगात कातडीला नुसती इजा झाली तरी कधीकधी अशी जखम पसरते. इथे तर भाजलंय. कुणी केलं हे?"

दाक्षायणीने त्या माणसाचं गाव सांगितलं.

"आणि पाय कुणी धरले?"

"ह्यांनी," ती म्हणाली.

 डॉक्टरीणबाईंनी शिवपुत्रकडे पाहिलं. माश्या बसलेल्या अन्नाकडे माणूस पाहतो तसं. डाव्या डोळ्याच्या आत फार दिवस सूज राहिली होती, त्या डोळ्याची नजर पुरती परत येणार नाही, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

साडेतीन आठवड्यांनी दाक्षायणी घरी आली. निंगव्वाने बोळ झाडून ठेवला होता. दाक्षायणी तिथे थांबली नाही. भिंतीला धरत ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि माठातलं पाणी स्वतः घेऊन प्याली. निंगव्वाने कपाळाला हात लावला.

"आत्याबाई, आतड्याला जखमा हायत माज्या, त्यो इटाळ न्हवं," दाक्षायणी म्हणाली. "आणि महिन्याचं म्हनाल, तर त्येलाबी आता मी भाईर बसणार न्हाय."

निंगव्वा जेवली नाही. दोन दिवसांनी भुकेने जेवली.

पुढच्या आठवड्यात दुकानाचे गठ्ठे वाहणारा बसू हमाल आला. त्याच्या लेकीच्या पायावर तशाच गाठी आल्या होत्या. त्याला डाग देणाऱ्याचा पत्ता हवा होता. म्हणाला, "अव्वा सांगत व्हत्या, डागानंच वैनी उटून बसल्या. लई गुण हाय म्हनं हाताला."

आपली आई गल्लीभर हे सांगत फिरते आहे, हे शिवपुत्रला तेव्हा कळलं.  तरीही तो खाली बघून गठ्ठा बांधत राहिला. आई आत होती, शेजारचे दुकानदार ऐकत होते.

दाक्षायणी बाहेर आली. तिने लुगड्याचा काठ वर केला, पट्टी सोडली आणि नडगी बसूसमोर धरली. बसूने तोंड फिरवलं.

"फिरवू नका. नीट बगा," ती म्हणाली. "आणि ह्यो डोळा बगा. पाय कुणी धरलं व्हतं, त्ये ह्यांनाच इचारा."

"मी धरले होते," शिवपुत्र म्हणाला. मग शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा म्हणाला, "डागानं गुण आला न्हाय. डागानं ही जखम झाली. मी धरले होते तिचे पाय."

त्याने दुकानाचं शटर खाली ओढलं आणि बसूला म्हणाला, लेकीला घेऊन ये, इस्पितळात जाऊ. निंगव्वा आतून म्हणत होती की घराण्याची अब्रू रस्त्यावर मांडली. 

दाक्षायणीने नवऱ्याला माफ केलं असं कुणी समजू नये. तो अजून माडीवरच निजतो, आता तिच्या सांगण्यावरून. पण दर अमावस्येला सकाळी तो दुकान बंद ठेवतो, अक्कलकोटच्या पुढच्या त्या गावी जातो आणि रांगेतल्या प्रत्येकाला आपण काय केलं ते सांगतो. दोनदा त्याला मारून हाकललं. रांग अजून लागतेच. आणि त्या रांगेत आजाऱ्याचे पाय धरायला येतात ती बहुधा त्या आजाऱ्याच्याच घरची माणसं.