कुवाबारांचा पाय

उजव्या पावलाला रक्त पुरत नव्हतं, तिथली जखम भरत नव्हती; पोटरीत नव्या रक्तवाहिन्या तयार व्हाव्यात म्हणून ओसाकाच्या इस्पितळात कुवाबारा आजोबांना इंजेक्शनं दिली होती. आज त्याची तपासणी होती. त्यांचा गारठलेला पाय अंथरुणात लागला की बायको किंचाळायची, "मेल्या माशासारखा पाय! तिकडे घ्या आधी!" ती गेली, आणि ओरडणारंही कोणी उरलं नाही.

नर्स ओगिनोबाईंनी उजव्या पावलावर तळहात ठेवला. "आजोबा, ऊब आली की! जखमही भरत आलीय."

"इतक्यात कळलं? नीट बघा."

त्यांनी हसून पुन्हा हात ठेवला. "खरंच आली हो."

त्या मोजा चढवू लागल्या, तसे आजोबा खेकसले, "थांबा! घाई कसली एवढी?" आणि कधीच काही न झालेल्या डाव्या पायाचा मोजा काढून त्यांनी तोही पुढे केला.