ईथरच्या आगीनंतर

प्रयोगशाळेच्या दारापाशी येऊन पवळीने पांढरा कोट खांद्यावरून उतरवला, घडी न करताच पिशवीत कोंबला आणि तशीच जिना चढून वरच्या मजल्यावर गेली. खाली प्रात्यक्षिक सुरू होत होतं. काचेला काच लागल्याचा किणकिणाट, नळाचं पाणी, कुणाचं तरी मोठ्याने हसणं. तिने संगणकांच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं तेव्हा कुठे तिचा श्वास जागेवर आला.

पवळी हे नाव वर्गाने ठेवलेलं. प्रयोगातला तिचा जोडीदार हातात कांडी आली की समोर असेल ते ढवळत बसायचा, गरज असो वा नसो, म्हणून तो ढवळ्या. आणि ढवळ्याशेजारी जी बांधली गेली ती पवळी. वाण नाही पण गुण तरी लागेल, म्हणून सगळे दोन वर्षं वाट पाहत होते. लागला नाही. ती वर्गात पहिली यायची, तो कसाबसा काठावर पास व्हायचा, आणि तरीही दोघांचं मेतकूट जमलेलं होतं. तो बोलायचा, ती मोजून-मापून ओतायची.

आग लागली त्या दिवशीही असंच चाललेलं. ईथरमधला पाण्याचा अंश घालवायला सोडियमचे बारीक तुकडे वापरायचे होते. सोडियमला पाणी लागलं की ते पेटतं, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. उरलेला तुकडा ज्या बशीत ठेवला ती ओली होती. बशी कुणी पुसायची राहिली, हे नंतर कुणालाच नक्की सांगता आलं नाही. आधी चुरचुरलं, मग पिवळा भडका उडाला, आणि ईथरच्या वाफांवरून ज्वाळा ओट्यावर सापासारखी पळत गेली. पवळीला पुढचं आठवत होतं ते एवढंच, की ती जिन्यावर होती. मग अंगणात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा तसाच, हातात चमचा तसाच. आणि वर, खिडकीत, धूर.

ढवळ्याचा डावा हात भाजला. बाकी कुणाला काही झालं नाही. तो रुग्णालयात होता तेव्हा ती एकदा फाटकापर्यंत गेली होती आणि फळांची पिशवी घेऊन तशीच परत आली होती.

दारावर टकटक झाली. सेंद्रिय रसायन शिकवणाऱ्या मॅडम होत्या.

"खाली तुझी जागा रिकामी आहे," त्या म्हणाल्या.

"मला तुम्हालाच भेटायचं होतं, मॅडम. मी पुढच्या पदवीचं ठरवलंय."

मॅडमनी खुर्ची ओढली. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला वाटा फुटायच्या. कुणी तिसऱ्या वर्षानंतर साधी पदवी घेऊन बाहेर पडायचं, कुणी औद्योगिक रसायन घेऊन वर्षभर कारखान्यात राबायचं, कुणी जोडीला अध्यापन घ्यायचं. वर्गात याची कोटीच झाली होती: कुणी शिकणार, कुणी शिजवणार, कुणी शिकवणार. यातलं 'शिकणार' म्हणजे चार वर्षांची संशोधनाची पदवी. तिथे जागा थोड्या, आणि त्यातली एक पवळीची, हे मॅडमनी पहिल्याच वर्षी मनात धरलेलं.

"मी ते नाही, संगणकी रसायन घेते," पवळी म्हणाली. "रेणूंची गणितं. त्यात मुलांना पुढची दोन्ही वर्षं प्रयोगशाळेत जावं लागत नाही ना?"

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या.

"विषय चांगला आहे. अवघडही आहे. पण तू मला त्यात काय आहे ते सांगितलं नाहीस. काय नाही, तेवढंच सांगितलंस."

पवळीने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"घाई नाही," उठत मॅडम म्हणाल्या. "पण अगं, कुठे जायचं तर तिकडे तोंड करून जावं. पाठमोरं चालत गेलेल्याला रस्ता दिसत नाही."

त्या गेल्यावर तिने पडदा उजळवला. पडद्यावर एक रेणू होता. या खोलीत ती लपायला आली होती, पण नुसतं बसून किती राहणार, म्हणून वरच्या वर्गातल्या एका मुलीकडून हिशेबाची पद्धत शिकून घेतली होती. पुस्तकात हा रेणू पाटावर ठेवलेल्या पोळीसारखा सपाट काढलेला असे. हिशेबात मात्र तो दर वेळी एका टोकाला वाकायचा. तिने आकडे बदलून पाहिले. तो वाकलाच. तिने पुन्हा बदलले. खालचं प्रात्यक्षिक केव्हा सुटलं, ते तिला कळलंच नाही.

घरी आई फोनवर मावशीशी बोलत होती.

"नाही गं, आमचीला ओरखडासुद्धा नाही. शहाणी आहे. क्षणात बाहेर पडली. त्या बिचाऱ्या मुलाचा हात मात्र..."

ही गोष्ट आईने नात्यातल्या सगळ्यांना सांगितली होती, आणि दर वेळी पवळी थोडी अधिक शहाणी होत चालली होती. तिने ताट वाढून घेतलं. समोर बाबा जेवत होते. ते बस चालवायचे. कामावरून आले की बराच वेळ त्यांचे हात चाकावर असल्यासारखे अर्धवट मिटलेले राहत.

"आमच्याकडे शिकवतात," बाबा घास घेता घेता म्हणाले, "गाडी पेटली तर ड्रायव्हरने सगळ्यांच्या शेवटी उतरायचं. आधी उतरला की नोकरी गेलीच म्हणून समज. नोकरीचं सोड, तोंड दाखवायची सोय नाही."

पवळीचा हात ताटातच थांबला.

"तुझं तसं नाही," बाबा लगेच म्हणाले. "तू प्रवासी. प्रवाशाने उतरायचंच असतं."

त्यांना तिला बरं वाटावं असंच वाटत होतं, हे तिला दिसत होतं. त्या ओट्यावर दोघंच होते, आणि गाडी ती चालवत होती, हे तिने सांगितलं नाही. ताट मात्र तिने तसंच उचललं, आणि आई "अगं, काही खाल्लंस का?" म्हणेपर्यंत ते धुऊनही टाकलं.

पुढच्या आठवड्यात संगणकांच्या खोलीचं दार टकटक न करताच उघडलं.

"पवळे, इथे दडून बसलीस होय?"

ढवळ्या वाळला होता. डाव्या हाताला पट्टी नव्हती, पण मनगटापासून बोटांपर्यंतची कातडी गुलाबी आणि चकचकीत झालेली, जणू दुसऱ्याच कुणाची आणून बसवल्यासारखी. पवळी उभी राहिली. मग काय करावं न सुचून पुन्हा बसली.

"दुखतं का रे?"

"आता नाही. खाज सुटते. आणि ही दोन बोटं वाकत नाहीत. आई म्हणते, बरं झालं, आता तरी ढवळणं थांबेल."

ती हसली नाही. त्याने शेजारची खुर्ची उलटी वळवली आणि पाठीवर हनुवटी टेकून तो बसला.

"तू भेटायला आली नाहीस."

"आले होते. फाटकापर्यंत."

"फाटकाला कसं वाटलं मग? बरं होतं का?"

"मी पळाले," पवळी म्हणाली. इतके दिवस हे वाक्य तिने कुणापुढेच उच्चारलं नव्हतं, आणि आता ते एवढं लहान निघालं.

"पळालीस की. मी पाहिलं ना. सगळ्यात आधी. मला वाटलं, शर्यत लागलीय."

"मग तू माझ्याशी कसा काय बोलतोयस?"

ढवळ्या गोंधळला.

"अगं, पण ओरडत पळालीस ना."

"कोण?"

"कोण म्हणजे? तू. 'पाणी नको, वाळू! पाणी नको, वाळू!' पार जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. मी ती पेटलेली बशी उचलून नळाखाली धरायला निघालो होतो. एका हाताने नळ सोडलासुद्धा होता. शेजारी ईथरची भरलेली बाटली. ते पाणी पडलं असतं तर आज हात भाजला म्हणून रडायलाही मी उरलो नसतो. तुझा आवाज आला आणि मी बशी वाळूच्या बादलीत टाकली."

पवळीने आठवून पाहिलं. जिन्याच्या पायऱ्या आठवल्या, कठड्याचा गार स्पर्श आठवला. आवाज नाही.

"मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस."

"मी? परीक्षेत पुढच्याचं बघूनसुद्धा मला धड उत्तर रचता येत नाही. एवढं कुठून रचणार?"

खिडकीबाहेर सायकली लावणाऱ्या मुलांचा गलका चालला होता.

"म्हणजे पळाली नाहीस असं मी म्हणत नाहीये हां," ढवळ्या म्हणाला. "पळालीस. दोन्ही केलंस."

तिने मान हलवली. डोळे पुसायला तिला काही सापडेना, तेव्हा पिशवीतला चुरगळलेला कोट तिने बाहेर ओढला.

"तो अंगात घाल," ढवळ्या उठला. "मॅडमनी राहिलेला प्रयोग आजच उरकायला सांगितलाय. आईने मला एका अटीवर सोडलंय. पवळी बरोबर असेल तरच."

प्रयोगशाळेत त्यांच्या ओट्यावर नवी फरशी बसवली होती. ती आजूबाजूच्या काळपट फरश्यांत उगाचच उठून दिसत होती. मॅडमनी सोडियम बंद करून टाकलं होतं. ईथर आता एका साध्या कोरड्या क्षारावर सुकवून तयार ठेवलेलं असे. त्या पलीकडच्या टोकाला वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पवळीने पात्रं मांडली. ढवळ्याने चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तो ईथरच्या बाटलीकडे गेला आणि बाटलीसमोरच थांबला. झाकण सैल असावं, कारण तो गोडसर, डोक्यात चढणारा वास ओट्यापर्यंत आलाच.

"पवळे, तू ओत. माझा हात नाही चालत."

"डाव्याने कशाला? उजव्याने घे."

"उजव्याचंच सांगतोय."

तिने पाहिलं. भाजलेला हात खाली शांत लोंबत होता. चांगला हात थरथरत होता. वर खोलीत एवढे विनोद करणारा ढवळ्या आता ओठ घट्ट मिटून नव्या फरशीकडे बघत होता, आणि आईची अट आईची नव्हती, हे पवळीला तेव्हा कळलं.

तिने बाटली उचलली. तिलाही ती परत ठेवून द्यावीशी वाटली. पण बाटली उचलून झाली होती आणि आता ती कुठेतरी ठेवायची तर ओतूनच ठेवायची. तिने डोळ्यांच्या रेषेत मोजपात्र धरलं आणि धार सोडली.

"मी काय करू?" ढवळ्याने विचारलं.

"ढवळ."

त्याने कांडी घेतली. पहिल्यांदा ती काचेवर तडतडली, मग हळूहळू त्याचा हात बसला. ती थेंब थेंब सोडत राहिली, तो ढवळत राहिला. दोघांच्या मधल्या काचेत द्रव आधी गढूळ झाला आणि मग त्यात पांढरं काहीतरी धरू लागलं. हाती आलेला पदार्थ अपेक्षेपेक्षा कमीच भरला. मॅडम येऊन पाहून गेल्या आणि "चालेल" एवढंच म्हणाल्या.

भांडी धुताना ढवळ्या नेहमीसारखा बोलायला लागला होता.

"मग आता संशोधनच ना? वर्गात मी सांगूनच टाकतो."

पवळी चंबू उपडा घालत होती.

"नाही. मी वरचंच घेतेय."

"अजून भीती वाटते?"

"नाही," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. खरंच, आता तपासून पाहिलं तर भीती तिथे नव्हती. असलीच तर ओट्यावर काम करताना असायला हवी तेवढीच. "वर एक रेणू अर्धवट टाकून आलेय. पुस्तकात सपाट काढतात तो, पण तसा राहत नाही, वाकतो. का वाकतो ते मला कळत नाहीये. काल बसमध्ये त्याच विचारात दोन थांबे पुढे गेले. बाबाच चालवत होते, त्यांनीही सांगितलं नाही."

ढवळ्याने नळ बंद केला. चेहऱ्यावरून हसू गेलं नाही, पण जरा पातळ झालं.

"आणि मी? घरी सांगून आलोय, पवळी असते म्हणून."

"असतेच की. एक मजला वर."

त्याने त्यावर थोडा विचार केला. मग मान डोलावली आणि कोट काढायला घेतला. उजव्या हातात ओली भांडी होती म्हणून डाव्या हाताने. न वाकणारी बोटं बटणावरून दोनदा निसटली. पवळीचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. मग तिने तो हात आपल्या खिशात घातला आणि शेवटचं बटण निघेपर्यंत ती त्याच्याशेजारी उभी राहिली.