तीन वर्षं कमी

मलकापुरात आमच्या 'शेजार' केंद्राच्या दारावर संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर माझं नाव कोरलंय, आक्काताई, आणि खाली 'अध्यक्षा'. मी चौथी नापास. पण एवढं वाचता येतं, आणि येता-जाता मी ते वाचते.

केंद्र म्हणजे आमचं जुनं खताचं गोदाम. उंदरांनी पोखरलं होतं, दिलं देऊन. लांबलांबनं माणसं येतात हितं, कुणी विजापूरकडची, कुणी बिहारची. रस्त्याच्या कामाला, वीटभट्टीला, हॉटेलात भांडी घासायला. ना त्यांना रेशन, ना गॅस, ना पोरांना शाळा. त्यांचे कागद केंद्रात करून देतात, फुकट. चालवते प्रियंका, बौद्धवस्तीतली. लय शिकलेली. माझ्याच गोदामात खुर्चीवर बसून मलाच विचारती, "काकू, चहा घेणार?" मी घेते. तेवढं मन मोठं आहे माझं.

माझ्या घरामागं पत्र्याच्या सहा खोल्या आहेत, भाड्यानं देते. पहिल्या खोलीत महादेवी राहायची. विजापूरकडनं आली तेव्हा पोट हे एवढं. नवरा सेंट्रिंगच्या कामावर. ती अडली त्या दिवशी नवरा स्लॅबवर, रिक्षा मिळेना. मीच आत शिरले. नवं ब्लेड आणून नाळ कापली. वार मडक्यात घालून न्हाणीच्या दगडाशेजारी पुरली, माझ्या हातानं. पाचवी पुजली. पोरीचं नावसुद्धा मीच ठेवलं, रेश्मा. तिची आई म्हणाली, "अक्का, हे लेकरू तुमचंच."

म्हणायला काय जातंय.

नवरा पुढं स्लॅबवरनंच पडून मेला. महादेवी माझ्याकडं धुणंभांडी करू लागली. पोरगी माझ्या अंगणात वाढली. पहिलीत घालायला मीच घेऊन गेले. गुरुजींनी विचारलं, जन्म कुठला? मी म्हणाले, "आईचं गाव लिवा." गुरुजींनी लिहिलं.

का लिहायला लावलं ते सांगते. माझे सासरे आकारामबापू दुसऱ्याची जमीन कसत होते. मालक साताऱ्यात राहायचा, भला माणूस, बापूंना घरचं समजायचा. कायदा आला, तलाठी आला. शेजाऱ्यानं साक्ष दिली की हा माणूस इतकी वर्षं कसतोय. बापू कूळ लागले आणि मालकाचं नाव पुसलं गेलं. तीच ही जमीन, हायवेला लागून. आज बिल्डर हिच्यासाठी माझ्या पायरीवर बसून राहतात. त्यामुळं कोण किती वर्षं कुठं राहिला हे कागदावर आलं की काय होतं, ते मला शिकवायला नको.

रेश्मा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. सांगलीला नर्सिंगला नंबर लागला. पेढा पहिला मला दिला. मी अर्धाच खाल्ला, मला साखरेचा आजार आहे. रोज सकाळी बोट टोचून साखर बघायची आणि इन्शुलिनची सुई द्यायची, ते काम रेश्माचंच. सुनेचा हात थरथरतो. ह्या पोरीची सुई कळायचीसुद्धा नाही.

दोन दिवसांनी प्रियंका कागद घेऊन घरी आली.

"काकू, रेश्माला रहिवासी दाखला पायजे. पंधरा वर्षांचा पुरावा मागतायत. शाळेची बारा भरतात, तीन कमी पडतात. शाळेच्या दाखल्यावर जन्म कर्नाटकातला लिवलाय. तुम्ही घरमालकीण, पहिल्यापासून इथंच राहतायत एवढं लिहून द्या. शुक्रवारी शेवटची तारीख हाय."

"आणि उद्या ती कूळ लागली म्हंजे?"

ती हसली. हसायचं काम नव्हतं. "काकू, कूळ शेतजमिनीला लागतं. भाड्याच्या खोलीला न्हाई लागत."

"बापूंच्या मालकालाबी असंच कुणीतरी सांगितलं असंल."

"तुमच्याच केंद्रातनं आपण चारशे जणांचे कागद केले की!"

"ती माझ्या खोलीत राहात न्हाईत."

प्रियंकानं हात जोडले. मी देवपूजेला उठले.

पोरगी गप्प बसली नाही. अर्ज केला तसाच, जन्मापासून इथंच असं लिहून. गुरुवारी तलाठी भाऊसो चौकशीला आला. अंगणात खुर्ची टाकली. महादेवी आणि रेश्मा न्हाणीपाशी उभ्या, प्रियंका फाटकाशी.

"आक्काताई," भाऊसो म्हणाला, "तुम्ही सांगाल ते लिवतो. ह्या कवापासनं हायत हितं?"

महादेवीनं मान वर केली. अठरा वर्षांत तिनं माझ्याकडं असं बघितलं नव्हतं, सरळ. जसं काही माझ्याकडं तिचं येणं होतं.

"पोरगी पहिलीत घालायच्या वर्साला आल्यात," मी म्हणाले. "त्याच्या आधी मी ह्यांस्नी बघितलं न्हाई."

रेश्मा म्हणाली, "आज्जी?" एवढंच.

महादेवी पुढं आली. न्हाणीच्या दगडाकडं बोट केलं. "साहेब, खणा. हितं मडकं हाय. अक्कानी पुरलंय. माझ्या लेकराची वार हाय त्यात. खणा."

भाऊसो घाबरला. माझ्याकडं बघू लागला.

"शेतात मडकी निघत्यातच रं," मी म्हणाले. "उद्या कुणीबी मडकं दाखवंल आन् म्हणंल मी हितंच जन्मले. लिव तू, बारा वर्सं."

भाऊसोनं बारा लिहिलं. मी खाली सही केली. माझी सही वळणदार आहे, सगळे म्हणतात.

कुळाची भीती होतीच, खोटं नाही सांगत. पण पोरगी सांगलीला गेली असती तर सकाळी सुई कोण टोचणार होतं? हाही विचार मनात आला होता. कुणाच्या येत नाही?

शुक्रवार गेला. नंबर दुसऱ्या पोरीला मिळाला. शनिवारी सकाळी मी ओसरीवर बाही वर करून बसले, साडेसात वाजले तरी कुणी येईना. मागं जाऊन बघते तर खोली धुऊन-पुसून रिकामी. किल्ली दाराला तशीच. कोनाड्यात मी दिलेली जुनी लुगडी घड्या घालून ठेवलेली, एकूण एक.

दुपारी प्रियंका आली. "काकू, पोरीचं वाटोळं केलंत तुम्ही."

मी म्हणाले, "गोदाम रिकामं करा."

आठ दिवसांत केलं. टेबल, मशिन, फायली, सगळं हातगाड्यावर घालून बौद्धवस्तीतल्या समाजमंदिरात नेलं. पाटी मात्र माझ्या दारावरच राहिली. आता आत काही नाही, उंदीर सोडून. पण नाव माझं आहे.

मग नोव्हेंबर आला. आमचे हे, हिंदुराव, फौजेत होते, त्यांच्यामागं मला पेन्शन आहे. दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. मशिनवर बोट ठेवायचं, उमटलं की हयातीचा दाखला मिळतो. एरवी केंद्रात बसल्या जागी व्हायचं. यंदा मुलगा जयराज मला बँकेत घेऊन गेला. दहाही बोटं लावली. उमटेनात. भांडी घासून, वैरण कापून, वर रोज टोचून टोचून रेघाच गेल्या होत्या. बँकेतला म्हणाला, "आजी, समाजमंदिरात जावा. तिथं एक पोरगी हाय, ती बरोबर उमटवते."

जयराज मला दारात सोडून गाडीतच बसून राहिला.

आत सतरंजीवर बिहारी बाया, कडेवर पोरं. मला कुणी उठून जागा दिली नाही. तासभर बसले. मशिनपुढं रेश्मा होती. कोपऱ्यात महादेवी केंद्राचे चहाचे कप विसळत होती.

माझा नंबर आला. रेश्मानं वर बघितलं.

"नाव?"

मी वाट बघितली. तिनं पुन्हा विचारलं, "नाव सांगा."

"आक्काताई."

"पत्ता?"

सांगितला. ती लिहीत होती तसंच, न थांबता म्हणाली, "किती वर्सं राहता तिथं?"

फॉर्मात हे नसतं. मला ठाऊक होतं. प्रियंकानं पलीकडनं हळूच म्हटलं, "रेश्मा, पुरे."

"लगीन झाल्यापासनं," मी म्हणाले. "बावन्न वर्सं."

"साक्षीला कोण हाय?"

सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. भाषा कळत नव्हती, तरी बघत होत्या. कपांचा आवाज थांबला.

"मी हाय साक्षीला," महादेवी म्हणाली. "अठरा वर्सं रोज बघत्ये मी ह्यांस्नी. हितंच राहत्यात."

रेश्मानं पेन टेकवलं. "अठरा कशी? ह्यांच्या जबानीत बारा हायत." मग माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही. "सांगा. किती लिवू?"

नुसतं 'अठरा' म्हणायचं होतं. त्याला पैसा लागत नव्हता, जमीन जात नव्हती, कुठल्या कागदावर ते जाणार नव्हतं. पण साताऱ्याचा तो भला मालक मला दिसला. तोही असाच कुठंतरी चार माणसांत 'व्हय' म्हणाला असेल.

"बारा," मी म्हणाले. "बारा लिव."

महादेवीनं नळ सोडला आणि कप विसळायला घेतले.

रेश्मानं ओलं फडकं घेतलं. नऊ बोटांना तिनं हातच लावला नाही. सरळ उजवी करंगळी धरली. ती वाकडी आहे, बँकेत मशिनवर नीट टेकलीच नव्हती; वाकडी म्हणूनच रेश्मा तिला कधी सुई लावत नव्हती. हे तिलाच ठाऊक. फडक्यानं पुसली, तिच्यावर फुंकर घातली, मशिनवर दाबली. तसाच हलका हात. हिरवा दिवा लागला.

"झालं," ती म्हणाली. "जिवंत हाय तुमी. उठा, मागं माणसं खोळंबल्यात."