दुसरा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. लोकांना गाडी चालवायला शिकवणारी. कारखान्यातून आले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. मग मास्तरांनी मला विकत घेतले आणि शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक बसवून घेतला. शिकणारा गडबडला की मास्तर तो दाबत. कितीतरी जण माझ्यावर हात बसवून गेले. पास झालेले माझ्या बॉनेटवर थोपटत, तेव्हा मला फार बरे वाटे.

मास्तर एका दुपारी घरीच वारले, झोपेत. मी अंगणात उभी राहिले. माझ्यावर धूळ साचली.

त्यांच्या मुलीने मला पुन्हा बाहेर काढले. आईला सारखे दवाखान्यात न्यावे लागे, म्हणून तिला लायसन्स हवे होते. शेजारी तिचा मामा बसे.

पहिल्याच वळणावर दुसरा ब्रेक दबला. मी आचका देऊन बंद पडले.

"मामा, पाय काढ ना!"

"अगं, मी कुठे दाबला?"

पुढच्या वळणावर मामाने सीटवर चक्क मांडी घातली. तरी पेडल हळूहळू खाली गेले. दोघांनी ते पाहिले. मुलीने मला थेट गॅरेजमध्ये नेले. मेकॅनिकने सगळे खोलून पाहिले, बिघाड नव्हताच. मित्रांनो, मला मात्र कळले होते. टाचेवर कमी आणि अंगठ्यावर जास्त, असा तो भार माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

टेस्टच्या दिवशी शेजारी परीक्षा घेणारे आरटीओचे साहेब बसले. चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे न्यायची होती. मुलीने क्लच सोडला, पण मी हलेना.

"ब्रेकवरून पाय काढा," साहेब म्हणाले.

"काढलाय, साहेब."

साहेबांनी खाली पाहिले. त्यांचे पाय मागे होते आणि समोरचे पेडल तळाला टेकले होते. त्यांनी दाराची कडी घट्ट धरली.

मुलगी पेडलकडे बघून अगदी हळू म्हणाली, "बाबा, मला येतंय आता. आईला न्यायचंय. सोडा ना."

काचा बंद असूनही आत गार झाले. मग भार कमी होऊ लागला, आधी टाच, शेवटी अंगठा. पेडल वर आले. मी चढ चढले, जराही मागे न घसरता.

साहेबांनी बाहेर उभे राहूनच सही केली. "पास," एवढेच म्हणाले आणि रुमालाने मान पुसत निघून गेले. मुलगी स्टिअरिंगवर डोके टेकून रडली. मग डोळे पुसून तिने आईला फोन लावला.

त्यानंतर ते पेडल कधी आपणहून दबले नाही. मला मात्र वळणावर अजून चुकल्यासारखे होते.

मित्रांनो, माझे आता वय झाले. माझी एकच विनंती आहे. एखादी शिकाऊ गाडी रस्त्यात बंद पडली, तर मागून हॉर्न वाजवू नका. आत कोणीतरी घाबरलेले असते. आणि ते नेहमी शिकणारेच असते, असे नाही.